साठीनंतर वजनाचे ऑपरेशन करावे का?

मिरज, कराड किंवा साताऱ्यातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात सकाळी डोकावलात, तर बाकांवर साठी ओलांडलेल्या बायकाच जास्त दिसतात. तक्रार बहुतेकींची एकच, गुडघे. एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात की वाटी झिजली आहे, बदलावी लागेल. पाठोपाठ दुसरे वाक्य येते, 'पण आधी वजन कमी करा.' ते कमी कसे करायचे, हे सविस्तर सांगायला त्या गर्दीत सवड नसते. चालायला जावे तर गुडघा दुखतो आणि बसून राहावे तर वजन वाढते. मग मुंबई-पुण्यातला मुलगा कुठेतरी वाचून फोनवर विचारतो, 'आईचे वजनाचे ऑपरेशन करून घेतले तर?'

दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या भागात हा प्रश्न क्वचितच ऐकू यायचा. आज तो विचारला जातो आणि त्याला दोन टोकाची उत्तरे मिळतात. 'या वयात कसले ऑपरेशन, देवाचे नाव घ्या' हे एक. 'दुर्बिणीतून करतात, चौथ्या दिवशी घरी' हे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेने उतारवयातल्या माणसांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याची गेल्या वीस वर्षांत जगभर बरीच माहिती जमली आहे. तिच्यातली बहुतेक स्वीडन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथली आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे शरीर, ताट आणि घर या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून ती माहिती सातारा-सांगलीच्या घरात आणून तपासायला हवी.

आधी शरीराचे पाहू. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत दहा-बारा वर्षांची असलेली मुलगी आज पासष्टीच्या आसपास आहे. वाढीच्या वयात तिला पोटभर मिळाले नाही. आईबरोबर ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली असेल. पुढे लग्न होऊन ती वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात आली असेल, किंवा टेंभू-म्हैसाळचे पाणी तिच्याच शिवारात आले असेल. हातात पैसा आला, दारात मोटारसायकल आली, जात्यावरचे दळण कधीच गेले होते, धुणे-पाणीही घरात आले. लहानपणी उपाशी राहिलेल्या शरीरावर चाळिशीनंतर चरबी चढली.

अशा शरीराचा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे केला आहे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर सारखेच दिसणारे दोन देह आतून इतके निराळे असू शकतात. आपल्याकडच्या माणसात त्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हाताऱ्या माणसाच्या ऑपरेशनाचा विचार करताना यातला दुसरा भाग, कमी स्नायू, फार महत्त्वाचा ठरतो. त्याकडे पुढे येईनच.

आपल्या जिल्ह्यांतल्या वयस्कांत जाडी किती, याचे चित्र सरकारी पाहणीत नीट उमटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे लठ्ठपणाचे जिल्हावार आकडे पन्नाशीच्या आतल्या बायकांपाशी थांबतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली. साठीपुढच्यांत सुमारे २७ टक्के लोकांचे वजन कमी आणि सुमारे २२ टक्के लोकांचे जास्त, असे तिच्यात आढळले. खंगलेले आणि जाडजूड म्हातारपण आपल्याकडे शेजारी-शेजारी नांदते, कधी एकाच घरात.

ऑपरेशनाची ओळख थोडक्यात. आपल्याकडे दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा अधिक भाग उभा कापून काढतात, मागे अरुंद नळी उरते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. तो भाग गेला की भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढच्या टप्प्यावर जोडतात. अन्न सुरुवातीचे आतडे टाळून जाते, शुगर लवकर उतरते आणि जीवनसत्त्वांचे शोषणही कमी होते. हृदयाच्या बायपासशी याचा काही संबंध नाही. अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराच्या बायपासची सुरुवात केली. नव्वदच्या दशकात तो दुर्बिणीतून होऊ लागला आणि पोटावरचा वीतभर छेद गेला.

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया घराघरात माहीत झाली ती नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतल्यावर. अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये मधुमेहासाठी ती करून घेतली, तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. पुढाऱ्यांच्या बातम्यांनी कुतूहल वाढवले, माहिती वाढवली नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तहून आणलेल्या इमान अहमद यांची बातमी महिनोन्‌महिने गाजली. तेव्हापासून अनेकांचा समज झाला की हे ऑपरेशन पाचशे किलोच्या माणसांसाठी असते. वास्तविक दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ८५ किलो असेल तर तिचा बीएमआय ३७.८ होतो. डॉक्टरांच्या हिशेबात ती या ऑपरेशनच्या चर्चेत येते, आणि अशा बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत.

धोका किती?

वयस्कांबाबतची भीती मुख्यतः एका अभ्यासातून पसरली आणि ती निराधार नव्हती. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत १९९७ ते २००२ या काळात हे ऑपरेशन झालेल्या सोळा हजारांवर रुग्णांची माहिती डेव्हिड फ्लम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. पासष्टीपुढच्यांत तीस दिवसांत ४.८ टक्के, नव्वद दिवसांत ६.९ टक्के आणि वर्षभरात ११.१ टक्के रुग्ण दगावले होते. शंभरातले अकरा. कोणीही हादरून जावे असाच हा आकडा आहे. मात्र तो काळ मुख्यतः पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा होता, आणि ज्यांचा हात या कामात फारसा बसलेला नव्हता अशा सर्जनांकडे मृत्यू जास्त झाले होते, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

नंतर चित्र पालटले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दहा केंद्रांच्या पाहणीत, सर्व वयांचे मिळून, तीस दिवसांतले मृत्यू ०.३ टक्क्यावर आले होते. वयस्क रुग्णांवरच्या सव्वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला. त्यात ८१४९ रुग्णांपैकी तीस दिवसांत १४ दगावले, म्हणजे हजारी दोनांहून कमी. गुंतागुंत मात्र १४.७ टक्के लोकांत झाली होती. साओ पावलोत पासष्टीपुढच्या छत्तीस रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना झाली, तीत सुरक्षिततेचे पारडे स्लीव्हकडे झुकले. छत्तीस हा आकडा फार छोटा आहे, हे खरे. पण या वयात सर्जन स्लीव्हकडे का वळतात, ते त्यावरून कळते.

या सुधारलेल्या आकड्यांवर भिस्त ठेवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांतले रुग्ण पारखून घेतलेले आहेत. हृदय अशक्त, मूत्रपिंड थकलेले, चालता न येणारे लोक आधीच बाजूला ठेवलेले असतात. शिवाय ती मोठी केंद्रे आहेत, जिथे रात्री दोनला टाका उसवला तरी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सीटी स्कॅन जागेवर असतात. दुर्बिणीने जखम लहान झाली, पण आतली कापाकापी तेवढीच राहिली. टाक्यांच्या रेषेतून गळती होणे आणि पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाणे हे दोन मोठे धोके आजही कायम आहेत. गळतीची पहिली खूण बहुधा नाडी जोरात चालण्यात दिसते. ज्या आजोबांना बीपीसाठी किंवा हृदयासाठी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू आहे, त्यांच्यात ही खूण झाकली जाते. तरुणात सकाळी लक्षात येणारी गोष्ट त्यांच्यात संध्याकाळी लक्षात येते, आणि हा उशीर महागात पडतो.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जागतिक संघटनांनी मिळून जुने निकष बदलले. त्यांच्या मते वयाची वरची मर्यादा घालण्याला पुराव्याचा आधार नाही, वयापेक्षा माणसाची एकंदर जीर्णता पाहावी. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून पुढचा बीएमआय विचारात घेता येईल, असेही त्यांनी म्हटले. मला यातले पहिले विधान पटते. दुसरे म्हाताऱ्यांना लावू नये असे वाटते. पासष्टीनंतर किंचित वजनदार माणसे जास्त जगतात असे मोठ्या एकत्रित अभ्यासांत दिसले आहे, आणि २८ बीएमआयच्या आजीला पोट कापून मिळवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

गुडघे, शुगर आणि आयुष्य

आता फायद्याकडे. स्वीडनमधला सर्वांत मोठा आणि दीर्घ अभ्यास १९८७ मध्ये सुरू झाला. ऑपरेशन झालेले २०१० आणि न झालेले २०३७ लोक त्यात वर्षानुवर्षे पाहिले गेले. २०२० च्या अहवालानुसार ऑपरेशन झालेले लोक सरासरी तीन वर्षे जास्त जगले. हा अभ्यास डॉक्टर वारंवार सांगतात. पण त्यात प्रवेशाचे वय ३७ ते ६० होते. मधुमेहावर औषधे बरी की ऑपरेशन, हे चिठ्ठ्या टाकून तपासणाऱ्या क्लीव्हलँडच्या गाजलेल्या प्रयोगातही साठीपुढच्यांना घेतले नव्हते. साठीनंतरच्या माणसाला या दोन अभ्यासांचे आकडे सांगताना ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

साठीपुढच्यांविषयी जे कळते ते नोंदी मागे जाऊन तपासणाऱ्या अभ्यासांतून. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत ऑपरेशन झालेले २५०० लोक सरासरी बावन्न वर्षांचे, बहुसंख्य पुरुष, अनेक रोगांनी जर्जर. पहिल्या वर्षी त्यांच्यात मृत्यू थोडे जास्त झाले, २.४ विरुद्ध १.७ टक्के. दहा वर्षांनी पारडे उलटे फिरले, १३.८ विरुद्ध २३.९ टक्के. युटा राज्यातल्या नोंदींत ५५ ते ७४ वयोगटातही ऑपरेशन झालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. मात्र अशा अभ्यासांत ऑपरेशनसाठी निवडलेला माणूस मुळातच जरा धडधाकट असतो, त्यामुळे फायदा आहे त्याहून मोठा दिसू शकतो. सैनिकांच्या आकड्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. आधी किंमत मोजावी लागते, फळ काही वर्षांनी मिळते. ज्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षे आहेत त्याला हा व्यवहार परवडतो. ज्याचे हृदय आणि मूत्रपिंड आधीच थकले आहे, त्याला ते फळ पाहायला मिळेलच असे नाही.

शुगरचेही तसेच आहे. २०१५ च्या त्या आढाव्यात वर्षभरात निम्म्याहून थोड्या जास्त वयस्कांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात आला होता. पण हे भाग्य कोणाला लाभते, ते मधुमेह किती जुना आहे त्यावर अवलंबून असते. पाच वर्षांचा, गोळ्यांवर असलेला मधुमेह बऱ्याचदा उतरतो. वीस वर्षांचा, इन्सुलिनवर असलेला सहसा पूर्ण जात नाही, फक्त इन्सुलिनचे युनिट कमी होतात. स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशीच उरल्या नसतील तर जठर लहान करून त्या परत येत नाहीत. 'शुगर कायमची जाईल' असे कोणी साठीतल्या जुन्या मधुमेह्याला सांगत असेल, तर त्याला सी-पेप्टाइड तपासणीचा आकडा विचारावा. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते तिच्यावरून कळते.

गुडघ्यांविषयी मात्र ठोस आणि आशादायक पुरावा आहे, आणि त्या दवाखान्याच्या बाकावरच्या बाईला तोच सर्वांत जवळचा. ऑस्ट्रेलियात गुडघा बदलण्यासाठी नाव लावलेल्या ८२ लठ्ठ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. त्यांचे सरासरी वय अठ्ठावन्नच्या आसपास. एका गटाचे आधी वजनाचे ऑपरेशन केले, जठराला पट्टी बांधण्याचे जुन्या पद्धतीचे. दुसऱ्या गटाचा थेट गुडघा बदलला. थेट गटात ३६.६ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, आधी वजन उतरवलेल्यांत १४.६ टक्के. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजन उतरवलेल्यांपैकी २९.३ टक्के लोकांनी दुखणे कमी झाल्याने गुडघा बदलायलाच नकार दिला. वजन कमी झाले की घोरणे, झोपेत श्वास अडकणे, जिना चढताना लागणारी धाप हेही कमी होते. लोणंद-फलटणकडून जाणारी पालखी दारातून पाहणारी बाई दोन मुक्काम तरी चालू शकली, तर तिला आयुष्याची तीन वर्षे वाढल्यापेक्षा त्याचा आनंद जास्त होईल. फायद्याचे मोजमाप करताना डॉक्टरांनी हेही मोजायला हवे.

वजनाबरोबर काय जाते

८५ किलोच्या त्या बाईचे वीस-एकवीस किलो कमी झाले, तर त्यातली सगळी चरबी नसते. साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो, खाणे नीट नसेल तर त्याहून जास्त. तरुणाला तो भरून काढता येतो. साठीनंतर स्नायू आपोआपच झिजत असतात, आणि आपल्याकडच्या शरीरात ते मुळातच कमी. वजन उतरले पण माणूस खुर्चीतून उठेनासा झाला, तर त्या यशाला काय अर्थ?

हे आधी तपासणे अगदी सोपे आहे. हात छातीशी बांधून साध्या खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायू अशक्त समजायचे. मुठीची पकड मोजण्याचे छोटे यंत्र असते. त्यावर पुरुषाची पकड २८ किलोच्या आणि बाईची १८ किलोच्या खाली असणे हीच खूण. चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरहून कमी असेल तर तीही. गुडघा दुखणाऱ्या बाईला उठायला वेळ लागणारच, म्हणून तिच्या बाबतीत पकड जास्त विश्वासाची. या चाचण्यांना फारसे पैसे लागत नाहीत. तरी रक्ताच्या तपासण्यांच्या भल्यामोठ्या यादीत त्या अनेकदा नसतात, याचे मला वाईट वाटते. जिथे वजनाच्या ऑपरेशनआधी साठीपुढच्या माणसाला खुर्चीतून उठायला सांगितले जात नाही, तिथे ऑपरेशन करून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हाडांचे दुखणे आणखी उशिरा कळते. अमेरिकेत मेडिकेअरच्या रुग्णांत बायपास झालेल्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण जठराला पट्टी बांधलेल्यांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त आढळले. पाळी जाऊन पंधरा वर्षे झालेल्या बाईची हाडे आधीच ठिसूळ असतात. शेणाने सारवलेल्या ओल्या अंगणात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर त्या वयात ते जिवावर बेतते. म्हणून ऑपरेशनआधी हाडांच्या घनतेची तपासणी, आणि नंतर जन्मभर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२. आपल्याकडचे शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे लोक बी-१२ च्या बाबतीत आधीच तुटीत असतात. गोळ्या किंवा महिन्याचे इंजेक्शन चुकले तर पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो. घरचे समजतात, वय झाले.

ताटाचा प्रश्न इथेच येतो. ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण सहा ग्रॅम देते, एक अंडे सहा, शंभर मिलिलिटर दूध तीन. आमटी पातळ असेल तर वाटीभर पिऊनही फारसे हाती लागत नाही. आणि पहिले काही महिने एका वेळी अर्धी वाटीच जाते. म्हणजे पोट भाकरीने भरले तर प्रथिनांना जागाच उरत नाही. आधी अंडे, मासा, चिकन, पनीर, घट्ट वरण, उसळ, मग उरलेल्या जागेत भाकरीचा तुकडा. आयुष्यभर भाकरीला जेवण मानलेल्या माणसाला हा क्रम उलटा वाटतो. वारकरी घरात अंडे-मासळीही नसते. तिथे दूध, ताक, पनीर, सोयाबीन, शेंगदाण्याचे कूट यांवर हिशेब बसवावा लागतो. तो बसतो, पण त्यासाठी आपली भाषा बोलणारा, आपले ताट माहीत असलेला आहारतज्ज्ञ लागतो. ओट्स आणि ब्रोकोलीचा छापील तक्ता सांगोल्याच्या किंवा जतच्या वाटेवरल्या वस्तीत उपयोगाचा नाही.

पासष्टीपुढच्या लठ्ठ लोकांवर अमेरिकेत डेनिस विलारेल यांनी केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते खाणे कमी करणाऱ्यांपेक्षा आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची ताकद आणि हालचाल जास्त सुधारली. नंतरच्या प्रयोगात त्यांनी दाखवले की चालण्याला वजन उचलण्याच्या व्यायामाची जोड दिली तर फळ सर्वांत चांगले. हे ऑपरेशनाविना केलेले प्रयोग आहेत. ऑपरेशननंतर ताकदीच्या व्यायामाची गरज त्याहून जास्त, आणि ऑपरेशन नको असणाऱ्यालाही हीच वाट मोकळी आहे.

घरी परतल्यावर

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी हा भाग मी सर्वांत कळीचा मानतो. माथाडी कामासाठी साताऱ्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. विटा-खानापूर-आटपाडीची गलाई कामगारांची कुटुंबे सोन्याच्या कामासाठी देशभर पसरली. गावाकडच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघेच, कधी एकच. मुलगा आईला पुण्यात किंवा मुंबईत नेतो, चांगल्या केंद्रात ऑपरेशन करतो, पंधरा दिवस घरी ठेवतो आणि गावी सोडतो. पुण्याहून सातारा एकशे दहा किलोमीटर, सांगली सव्वादोनशेहून अधिक. खरी परीक्षा त्यानंतरच्या वर्षभराची असते.

एक उदाहरण पुरे. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काही लोकांना सारख्या उलट्या होतात. गावात उलटी आणि अशक्तपणा म्हटले की ग्लुकोजची सलाईन लागते. सतत उलट्यांनी शरीरातले थायमिन, म्हणजे बी-१, आधीच संपलेले असते. त्यात ग्लुकोज गेले की उरलेसुरलेही वापरले जाते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नजर दुहेरी होते, तोल जातो, माणूस बरळू लागतो. आधी थायमिनचे इंजेक्शन आणि मग ग्लुकोज, एवढ्या क्रमाने हे टळते. ते इंजेक्शन स्वस्त आहे. पण समोरच्या डॉक्टरांना 'हिचे वजनाचे ऑपरेशन झाले आहे' हे कोणीतरी सांगायला हवे. ही गोष्ट लिहिलेले कार्ड पाकिटात असावे, मराठीत आणि ठळक अक्षरांत.

औषधांचेही तसेच. खाणे निम्म्यावर आले आणि शुगरच्या जुन्या गोळ्या तशाच चालू राहिल्या, तर शुगर एकदम खाली येऊन माणूस पहाटे बेशुद्ध सापडू शकतो. बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या कमी कराव्या लागतात, नाहीतर पाणी कमी पडून चक्कर येते. निर्जळी उपवास वर्षभर तरी बंद. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून सहज मिळणारी दुखण्याची गोळी बायपास झालेल्याने घेऊच नये, जोडणीच्या जागी अल्सर होऊन रक्तस्राव होतो. तंबाखूने हा धोका आणखी वाढतो. आपल्याकडे बिडी न ओढणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बायका रोज मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी 'तंबाखू?' विचारले की 'नाही' म्हणतात. मिश्रीचे नाव घेऊनच विचारले पाहिजे.

माणसांच्या बोलण्याचाही परिणाम होतो. आपल्याकडे वाळलेला माणूस आजारी समजला जातो. पाहायला आलेली प्रत्येक जाऊ, नणंद 'किती खंगलीस गं' म्हणते आणि आग्रहाने खायला घालते. गोड घशाखाली उतरले की घाम, धडधड, जुलाब. आजी जेवणालाच घाबरू लागते. हे टाळायचे तर घरातल्या निदान एका माणसाने ऑपरेशनआधी आहारतज्ज्ञासमोर बसायला हवे, आणि तो माणूस गावात राहणारा हवा.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय आता पुरा होत नाही. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये. प्रयोगांत त्यांनी साधारण पंधरा ते वीस टक्के वजन उतरले. कापाकापी नाही, नको तर थांबवता येते, म्हणून सत्तरीच्या माणसाला ती आधी वापरून पाहावीत असे वाटणे रास्त आहे. पण ती थांबवली की वजन बरेचसे परत येते, आणि स्नायू त्यांनीही जातात. प्रथिने आणि व्यायाम यांतून सुटका तिथेही नाही.

खर्च काही लाखांत जातो. विमा कंपन्या नियामकाच्या ठरलेल्या शब्दांवर बोट ठेवतात. बीएमआय ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत हृदयविकार, लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्याबाहेरचा मधुमेह. या यादीत गुडघा नाही. म्हणजे ३७.८ बीएमआयच्या त्या बाईला निव्वळ गुडघ्यासाठी विमा मिळणे अवघड, मग तिला त्याचा कितीही उपयोग होणार असो. ऑस्ट्रेलियातला पुरावा समोर असताना ही यादी बदलायला हवी. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे. त्यात आपल्या रुग्णालयात हे ऑपरेशन बसते का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

माझा निष्कर्ष असा. साठ ते सत्तरमधल्या माणसाचा बीएमआय ३५ च्या वर असेल, मधुमेह फार जुना नसेल किंवा गुडघे-श्वासाने जगणे अवघड झाले असेल, मुठीत ताकद असेल आणि गावात लक्ष देणारे माणूस असेल, तर ऑपरेशनाचा विचार जरूर करावा. वयाचे कारण सांगून त्याला परत पाठवणे चूक आहे. सत्तरीनंतर ते अपवादानेच करावे. एकट्या राहणाऱ्या, चालण्याचा वेग गेलेल्या, विसर पडू लागलेल्या माणसावर करू नये, मग वजन कितीही असो.

आणि एक मागणी. मिरजेत १८९४ मध्ये वानलेस रुग्णालय सुरू झाले, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला कृष्णा, सांगलीला भारती विद्यापीठ, साताऱ्यालाही आता सरकारी महाविद्यालय झाले. या संस्थांनी एकत्र येऊन एक साधी नोंदवही ठेवावी. दोन जिल्ह्यांतल्या साठीपुढच्या ज्या कोणाचे वजनाचे ऑपरेशन होईल, मग ते कुठेही झालेले असो, त्याचे वजन, मुठीची पकड, बी-१२, पडणे-मोडणे आणि औषधे वर्षातून एकदा तिच्यात लिहावीत, आणि पाच वर्षांनी ते आकडे मराठीत छापावेत. ज्यांच्या घरात असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना जवळच्या महाविद्यालयात ही मागणी लेखी द्यावी.